"करण्यात येईल" म्हणजे नेमकं कोण करणार? फ्लूच्या महामारीचा राष्ट्रीय आराखडा लिहितानाचे चौदा महिने

जुना आराखडा माझ्या हातात आला तेव्हा तो १८६ पानांचा होता. प्रस्तावना, उद्दिष्टं, कुठल्या खात्याकडे काय त्याचे तक्ते, शेवटी दहा परिशिष्टं. इन्फ्लुएन्झाची महामारी आली तर देश काय करणार ते सगळं यात आहे, फक्त आजच्या परिस्थितीप्रमाणे अपडेट करायचंय, सहा महिन्यांचं काम आहे, असं मला सांगितलं गेलं. चौदा महिने लागले. मी मूळची सर्वेक्षणातली, म्हणजे ताप-खोकल्याचे किती पेशंट आले, किती जणांचे स्वॅब घेतले, किती पॉझिटिव्ह निघाले हे आकडे दर आठवड्याला गोळा करायचे आणि त्यात काही वेगळं दिसतंय का ते बघायचं हे माझं रोजचं काम, आराखडा लिहायची ही पहिलीच वेळ.

पहिल्या रविवारी घरी बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. वाचता वाचता पेन्सिलीने एकाच शब्दाखाली रेघ मारत गेले, "करण्यात येईल". नमुने प्रयोगशाळेत पाठवण्यात येतील, औषधांचा पुरेसा साठा उपलब्ध करून देण्यात येईल, आवश्यकतेनुसार खाटा वाढवण्यात येतील, जनतेला वेळोवेळी माहिती देण्यात येईल. ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला हे वाक्य इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात कर्ताच नाहीये हे लक्षातसुद्धा येत नाही. रात्री मोजलं तर २१२ ठिकाणी रेघ होती. दुसऱ्या दिवशी ती यादी एक्सेलमध्ये टाकली आणि पुढे दोन कॉलम केले, कोण करणार आणि तो नसेल तर कोण. २१२ पैकी ३९ ओळींसमोर मला काहीतरी लिहिता आलं, बाकी सगळ्या कोऱ्या. खरं सांगायचं तर पुढचे चौदा महिने मी हे दोन कॉलम भरत होते, बाकीचं काम त्याच्या आजूबाजूने झालं.

पहिल्याच मिटिंगमध्ये एका सीनियर सरांनी विचारलं की कोविडमधून आपण सगळे गेलोय, तेवढा अनुभव आहे, मग फ्लूसाठी वेगळा आराखडा कशाला. प्रश्न रास्त होता आणि मला वाटतं प्रत्येक देशात हा विचारला जात असणार. पण फ्लूची चाल वेगळी आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला १ ते ४ दिवस, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जायला प्रत्येक वेळी साधारण तीनच दिवस, त्यामुळे एकेका पेशंटच्या संपर्कातल्या लोकांना शोधत बसायचं हे सुरुवातीच्या थोड्या केसेसपुरतं ठीक आहे, नंतर तुम्ही शोधताय तोवर तो पुढच्या दोन घरांत गेलेला असतो. दुसरं म्हणजे फ्लू लहान मुलांमधून जोरात पसरतो. तिसरं, या विषाणूचे जीन ८ वेगवेगळ्या तुकड्यांत असतात, त्यामुळे एकाच प्राण्याच्या शरीरात दोन वेगळे फ्लू विषाणू एकत्र आले की तुकड्यांची अदलाबदल होऊन एकदम नवाच विषाणू तयार होऊ शकतो, १९५७ आणि १९६८ च्या महामाऱ्या अशाच अदलाबदलीतून आल्या. आणि १९१८, १९५७, १९६८, २००९ ही सालं बघा, मधलं अंतर ३९ वर्षं, मग ११, मग ४१. म्हणजे आत्ताच एक महामारी होऊन गेलीय म्हणून दुसरी लांब आहे असं काही नसतं. सर म्हणाले ठीक आहे, हे पहिल्या पानावर घाला. घातलं.

जुन्या आराखड्यातली सगळ्यात मोठी अडचण मला तिसऱ्या आठवड्यात कळली. त्यातली सगळी कामं "जागतिक आरोग्य संघटनेने टप्पा ४ जाहीर केल्यावर", "टप्पा ५ जाहीर केल्यावर" अशी लिहिलेली होती. आता ते १ ते ६ टप्प्यांचं गणित संघटनेने स्वतःच २०१३ मध्ये बाजूला ठेवलं आणि स्पष्ट सांगितलं की जगात काय चाललंय ते आम्ही सांगू, पण तुमच्या देशात कधी काय करायचं ते तुमच्या जोखमीचा अंदाज घेऊन तुम्हीच ठरवा. म्हणजे आमची कामं ज्या खुंटीला टांगलेली होती ती खुंटीच भिंतीवर नव्हती. आणि २००९ चा घटनाक्रम बघितला तर ती खुंटी असती तरी उपयोग झाला नसता असं मला वाटतं. एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत नवा एच१एन१ सापडला, २५ एप्रिलला आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर झाली आणि महामारी म्हणून अधिकृत घोषणा झाली ११ जूनला, तोपर्यंत विषाणू ७४ देशांत पोचलेला होता. घोषणेची वाट बघत बसलेला देश त्या यादीत आधीच जाऊन बसला असता.

मग आम्ही स्वतःचे ट्रिगर लिहायला बसलो आणि तिथे खरी घासाघीस झाली. ट्रिगर लिहायचा म्हणजे "हे दिसलं की हे करायचं, बाकी माहिती येवो न येवो". प्रत्येकाला अजून थोडी माहिती हवी असते, मलासुद्धा हवी असते, मी आकड्यांतलीच माणूस आहे. पण सुरुवातीला आजार किती गंभीर आहे ते कुणालाच धड कळत नाही कारण फक्त हॉस्पिटलात आलेले पेशंट मोजले जातात, घरी बरे झालेले मोजलेच जात नाहीत, त्यामुळे पहिले आकडे बहुतेक वेळा भयंकर दिसतात. उलट मृत्यूंची मोजणी कमी पडते, २००९ मध्ये प्रयोगशाळेत खात्री झालेले मृत्यू जगभरात साधारण १८,५०० होते आणि नंतर संशोधकांनी काढलेला अंदाज दीड लाखापासून पावणेसहा लाखांपर्यंत गेला. म्हणून आम्ही एक आकडा धरायचं सोडून तीन प्रश्न ठेवले: पसरतोय किती, झाल्यावर किती गंभीर होतोय, आणि हॉस्पिटलांवर आणि कामकाजावर ताण किती येतोय. तिन्हीची उत्तरं कमी, मध्यम, जास्त अशी द्यायची आणि दर आठवड्याला बदलायची. उत्तर देणार कोण, तर एक पद आणि त्याला दोन पर्याय, पदांसमोर नावं आणि मोबाईल नंबर. हे एवढं लिहायला अडीच महिने गेले, कारण "निर्णय मी घेईन" हे लिहून द्यायला पहिल्या फेरीत कुणी तयार नव्हतं.

त्यानंतर टेबलटॉप झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, टेबलटॉप म्हणजे सगळ्या खात्यांची माणसं एका टेबलाभोवती बसवायची, एक काल्पनिक घटना सांगायची आणि मग थोड्या थोड्या वेळाने पाकिटातून नवीन बातमी द्यायची आणि विचारायचं की आता काय कराल. पाकिटं मी आणि माझा एक सहकारी अशा दोघांनी मिळून लिहिली होती.

पहिलं पाकीट असं होतं: शुक्रवार, संध्याकाळचे ६:४०. जिल्हा हॉस्पिटलात ३४ वर्षांचा माणूस, पोल्ट्रीत काम करतो, पाच दिवसांपासून ताप, आता न्यूमोनिया, व्हेंटिलेटरवर. स्वॅबची पीसीआर इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, पण माणसांत नेहमी फिरणारे जे उपप्रकार, त्यातला एच१ पण नाही आणि एच३ पण नाही. सर्वेक्षणात काम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य ऐकून अंगावर काटा येतो, कारण ए आहे पण ओळखीचा नाही याचा अर्थ तो नवीन असू शकतो. मी विचारलं, नमुना राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्रात पाठवायचाय, कोण पाठवणार?

जुन्या आराखड्यातलं वाक्य होतं "नमुने तातडीने पाठवण्यात येतील". जिल्ह्याचे डॉक्टर म्हणाले आमची लॅब पाठवेल. लॅबवाले म्हणाले पॅकिंग आम्ही करू, तीन थरांचं पॅकिंग, कोल्ड बॉक्स, आईस पॅक सगळं आहे, पण गाडी आमच्याकडे नाही. गाडीवाल्या खात्याचे साहेब म्हणाले गाडी आहे पण ऑफिस अवरनंतर बाहेर काढायला लेखी मंजुरी लागते. मंजुरी कोण देतं? ते साहेब शुक्रवारी संध्याकाळी गावाला जातात. कुरिअर? कुरिअरचा पिकअप सोमवारी. मी घड्याळाकडे बघत होते, २५ मिनिटं नुसती गाडीवर चर्चा चालली होती आणि टेबलावरची सगळी माणसं प्रामाणिक होती, हुशार होती, कुणीही काम टाळत नव्हतं. स्वॅब व्हीटीएममध्ये, म्हणजे विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात, फ्रिजच्या तापमानाला साधारण ७२ तास टिकतो, त्यापुढे जायचं असेल तर उणे ७० ला ठेवावा लागतो आणि ती सोय त्या हॉस्पिटलात नव्हती. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार संध्याकाळ बरोबर ७२ तास होतात. आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे नव्या उपप्रकाराचा इन्फ्लुएन्झा माणसात सापडला तर ती एक केससुद्धा, मूल्यमापन झाल्यापासून २४ तासांत कळवावी लागते, देवी, जंगली पोलिओ, सार्स आणि हा, या चारांसाठी दुसरा काही विचार करायची मुभाच नाही. आमचा नमुना अजून जिल्ह्यातच होता.

दुसऱ्या पाकिटात होतं की पेशंट जिथे कामाला होता त्या भागात पक्षी मरतायत. तेव्हा टेबलाच्या कडेला शांत बसलेले पशुवैद्यकीय खात्याचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमच्या या गोष्टीत पक्षी मरत असतील तर आम्हाला ते मंगळवारीच कळलं असतं. आमच्याकडे रिपोर्टिंग असतं ना. पण ते आमच्या वरच्या ऑफिसला जातं. तुम्हाला कळवायचं असतं असं आम्हाला कुणी कधी सांगितलेलं नाही." हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. मंगळवार ते शुक्रवार तीन दिवस, म्हणजे फ्लूची एक अख्खी पिढी. १९९७ मध्ये हाँगकाँगला बर्ड फ्लूचा एच५एन१ माणसांत पहिल्यांदा आला, १८ जणांना झाला, ६ गेले, तेव्हा बाजारातल्या कोंबड्या मारून साथ थांबवता आली कारण पक्षी आणि माणूस हा संबंध वेळेत जोडला गेला. आणि २०२४ पासून तर तोच एच५एन१ अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये निघालाय, म्हणजे नुसत्या पक्ष्यांवर नजर ठेवूनही भागत नाही. त्या दिवसापासून पशुवैद्यकीय डॉक्टर आमच्या मुख्य गटात आले, कडेच्या खुर्चीवरून मधल्या खुर्चीवर.

गाडीचा प्रश्न शेवटी कसा सुटला ते सांगते, कारण तो फार साध्या गोष्टीने सुटला. प्रत्येक जिल्ह्यात एका ड्रायव्हरचं नाव, त्याला पर्यायी दुसऱ्याचं नाव, आणि एक आधीच सही केलेलं मंजुरीपत्र, ज्यात लिहिलंय की लॅबच्या इन्चार्जने फोन केला तर गाडी निघेल, कागद सोमवारी होईल. एक पान. ते एक पान मिळवायला चार महिने आणि तीन फायली लागल्या पण ते मिळालं.

स्टोअरची भेट मला अजून विसरता येत नाही. स्टॉक रजिस्टरप्रमाणे एका मध्यवर्ती स्टोअरमध्ये एन९५ मास्कचे भरपूर बॉक्स होते आणि आराखड्यात तो आकडा "उपलब्ध साठा" म्हणून छापलेला होता. मला सवय आहे की आकडा छापायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघायचा, म्हणून मी गेले. स्टोअरकीपर दादा भला माणूस, त्यांनी सगळी रजिस्टरं काढून ठेवली होती, नोंद चोख, एकही खाडाखोड नाही. मी म्हटलं एक बॉक्स उघडू का. वरच्या थरातला मास्क काढला, पट्टी ओढली आणि ती तुटून हातात आली, ताणलीसुद्धा गेली नाही. रबर कडक होऊन त्याचे बारीक तुकडे बोटांना चिकटले. दुसरा काढला, तेच. मग खालच्या रांगेतला बॉक्स, मग भिंतीकडचा. भिंतीकडच्या बॉक्सचा तळ ओलसर होता. दादा म्हणाले, "मॅडम, मोजायचं काम माझं आहे, दर सहा महिन्यांनी मोजतो, एकही कमी नाही." ते खरंच बोलत होते. एक्स्पायरी बघून जुना माल आधी हॉस्पिटलांना रोजच्या वापरासाठी द्यायचा आणि नवीन भरायचा ही जबाबदारी कुणाला दिलेलीच नव्हती, कागदावर "साठ्याचे नियमित फेरनियोजन करण्यात येईल" एवढं होतं. आता तिथे नाव आहे, आणि मोजणीच्या फॉर्मवर एक नवीन ओळ आहे, "प्रत्येक लॉटमधला एक मास्क उघडून पट्टी ओढून पाहिली का".

गोळ्यांचंही तसंच. ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाचा कोर्स मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे दहा कॅप्सूल. पण ती लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू झाली तर तिचा खरा फायदा. आमचा साठा होता एका ठिकाणी आणि तो बाहेर काढायला तीन सह्या. मी फळ्यावर लिहून दाखवलं, ताप आला, दुसऱ्या दिवशी माणूस दवाखान्यात गेला, डॉक्टरने मागणी पाठवली, सह्या झाल्या, ट्रक निघाला, किती तास झाले? सगळ्यांनी आपापल्या वहीत आकडा लिहिला, सगळ्यात कमी होता ९०. त्यानंतर थोडा साठा आधीच जिल्ह्यांना वाटून ठेवायचं ठरलं, आणि ट्रिगर लागला की सहीची वाट न बघता वाटप सुरू. शिवाय फक्त याच एका गोळीवर अवलंबून राहायचं नाही हेही लिहिलं, कारण २००८-०९ च्या सुमारास तेव्हाचा नेहमीचा एच१एन१ जगात बहुतेक ठिकाणी या औषधाला दाद देईनासा झाला होता.

खाटांचं गणित मी इथे देते कारण ते कुणालाही करता येतं आणि करून बघावं. एक कोटी लोकसंख्या धरा. एका लाटेत चारातला एक आजारी पडेल असं धरलं तर २५ लाख. त्यातल्या शंभरात एकाला ॲडमिट करावं लागेल असं धरलं तर २५ हजार. लाट आठ-दहा आठवड्यांची असली तरी सगळ्या आठवड्यांत सारखं नसतं, शिखराच्या आठवड्यात पाचातला एक वाटा येतो असं धरा, म्हणजे ५ हजार माणसं एका आठवड्यात, प्रत्येक जण सात दिवस राहिला तर एकाच वेळी ५ हजार खाटा. हे सगळं "धरलं तर" आहे, पण आकडे बदलून बघितले तरी एक गोष्ट बदलत नाही, त्याच आठवड्यात नर्स, वॉर्डबॉय, टेक्निशियन हेसुद्धा आजारी पडत असतात. खाट म्हणजे लोखंडी पलंग नाही, खाट म्हणजे पलंग, ऑक्सिजनचा पॉईंट आणि तीन शिफ्टला तीन माणसं. जुन्या आराखड्यात फक्त पलंग मोजले होते.

आणि इथेच मला या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची चूक सापडली, खरं तर मला नाही सापडली, एका सिस्टरला सापडली. हॉस्पिटलांचा चॅप्टर एका उपगटाने लिहिला होता, शाळांचा दुसऱ्या. शाळांच्या चॅप्टरमध्ये होतं की जोराची साथ असेल तर शाळा लवकर बंद करायच्या, आणि त्याला आधार चांगला होता, १९१८ मध्ये फिलाडेल्फियाने २८ सप्टेंबरला प्रचंड मोठी मिरवणूक होऊ दिली आणि थोड्याच दिवसांत हॉस्पिटलं ओसंडून वाहायला लागली, तर सेंट लुईसने पहिल्या केसेस दिसताच शाळा, थिएटर, सभा बंद केल्या आणि तिथलं मृत्यूचं शिखर बरंच खाली राहिलं. हॉस्पिटलांच्या चॅप्टरमध्ये होतं की अशा वेळी सगळ्या नर्सेसच्या रजा रद्द करून डबल शिफ्ट लावण्यात येतील. दोन्ही चॅप्टर वेगवेगळे वाचले तर दोन्ही बरोबर. आढावा मिटिंगला आयसीयूच्या एक इन्चार्ज सिस्टर आल्या होत्या, तीन तास काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "पान ६१ ला माझ्या मुलीची शाळा बंद केलीत आणि पान ९४ ला मला डबल ड्युटी लावलीत. माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला कुठल्या पानावर ठेवू?"

मी त्या रात्री झोपले नाही नीट. माझ्याही घरी लहान मूल आहे आणि तरी दोन्ही पानं मी स्वतः एडिट केली होती, दोन्हीवर माझी सही होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही उपगट एकत्र बसवले. आता आराखड्यात आहे की शाळा बंद केल्या तरी हॉस्पिटल, अँब्युलन्स, पाणी, वीज यांत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी छोट्या गटांत शाळा चालू राहील, कुठल्या इमारतीत, कोण शिक्षक, किती मुलं, सगळं नावानिशी. आणि प्रत्येक हॉस्पिटलने वर्षातून एकदा स्टाफला विचारायचं की तुमच्याकडे सांभाळायला कोण आहे, त्या आकड्यावरून खरी किती माणसं कामावर येऊ शकतील ते काढायचं. ही ओळ आराखड्यात आली याचं पूर्ण श्रेय त्या सिस्टरचं आहे.

लसीच्या प्राधान्याची मिटिंग सगळ्यात अवघड असेल असं सगळे म्हणाले होते आणि ती होती. आधी सगळ्यांना एकाच समजुतीवर आणावं लागलं की लस पहिल्या दिवशी नसते. विषाणू ओळखला, लसीसाठी त्याचं बीज तयार केलं, अंड्यांत वाढवलं, शुद्ध केलं, तपासलं, भरलं, याला नेहमीच्या पद्धतीने पाच-सहा महिने जातात. २००९ मध्ये विषाणू एप्रिलमध्ये सापडला, अमेरिकेत लस ऑक्टोबरच्या सुरुवातीला थोडी थोडी यायला लागली आणि त्यांची मोठी लाट ऑक्टोबरच्या शेवटी शिखरावर होती. आणि एच५ सारखा अगदी अनोळखी प्रकार असेल तर एका माणसाला दोन डोस लागण्याची शक्यता जास्त, म्हणजे एक कोटी लोकांना दोन कोटी डोस, दोन कोटी सिरिंज, २ ते ८ अंश तापमानाची तेवढी जागा. म्हणजे पहिले काही महिने थोडेच डोस आणि खूप माणसं हेच चित्र असणार, आणि पहिले कोण हे आत्ता शांत डोक्याने ठरवलं नाही तर तेव्हा ज्याची ओळख त्याला मिळेल.

वयस्कर आधी असं बहुतेकांना वाटत होतं, आणि नेहमीच्या फ्लूसाठी ते बरोबर आहे. पण १९१८ मध्ये २० ते ४० वयाची धडधाकट माणसं गेली, २००९ मध्ये गरोदर बायका आणि तरुण यांना जास्त त्रास झाला आणि बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना पूर्वी कधीतरी मिळत्याजुळत्या विषाणूची ओळख झालेली असल्यामुळे थोडं संरक्षण मिळालं. म्हणून वयाची रांग आधी पक्की करायची नाही, पहिल्या काही आठवड्यांचे आकडे बघून ठरवायची असं ठरलं. कामाची रांग मात्र आधीच पक्की केली. त्या यादीत डॉक्टर-नर्स होतेच, पण तासभराच्या वादानंतर ऑक्सिजन प्लांटचे ऑपरेटर, अँब्युलन्सचे ड्रायव्हर, हॉस्पिटलचे सफाई कामगार, मृतदेह हाताळणारे कर्मचारी हेसुद्धा पहिल्या गटात आले. सफाई कामगारांचं नाव दोनदा खाली ढकललं गेलं आणि दोनदा मी परत वर आणलं, आवाज चढवून आणलं, त्याबद्दल मला काही वाईट वाटत नाही. आयसीयूतलं प्रत्येक पीपीई किट शेवटी त्यांच्या हातात येतं.

शेवटी शेवटी आम्ही फोनची टेस्ट घेतली. परिशिष्टातल्या संपर्क यादीत ४७ नंबर होते. न सांगता, एका रविवारी रात्री दहा वाजता मी आणि माझ्या सहकाऱ्याने सगळे फिरवले. १९ जणांनी उचलला. ८ नंबर बंद होते, एका नंबरवर एक आजी बोलल्या, त्या म्हणाल्या हे साहेब इथे राहत नाहीत, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, मी त्यांची आई. आम्ही माफी मागितली. मग नियम केला की यादी दर तीन महिन्यांनी फिरवायची आणि ज्याचा फोन लागला नाही त्याच्या जागी पर्यायी माणसाचं नाव वर जातं. दुसऱ्या फेरीत ३८ लागले. तिसऱ्या फेरीत ४४, आणि त्यातल्या एका लॅब इन्चार्जने आमचा नंबर ओळखून पहिल्याच वाक्यात विचारलं, "बोला मॅडम, टेस्ट आहे की खरं आहे?" मी टेस्ट म्हटल्यावर म्हणाले, "मग ड्रायव्हरलाही लावून बघा, तोही जागा असेल." लावला. जागा होता.

नवा आराखडा ११२ पानांचा आहे. छापायला जायच्या आदल्या रात्री मी पुन्हा पेन्सिल घेऊन बसले. "करण्यात येईल" तीन ठिकाणी राहिलंय. एक, पक्षी मारावे लागले तर पोल्ट्रीवाल्याला भरपाई किती दिवसांत आणि कुठल्या खात्यातून, कारण पैसे मिळणार नाहीत असं वाटलं तर तो मेलेले पक्षी कळवणारच नाही आणि मग तो मंगळवारचा रिपोर्टसुद्धा येणार नाही. दोन, लसीचा गंभीर दुष्परिणाम झाला तर त्या माणसाचा खर्च कोण उचलणार. तीन, परदेशी अडकलेल्या आपल्या लोकांची औषधं. तिन्हीसमोरचे कॉलम मी कोरेच छापायला लावले, वाक्य गोड करून झाकायला नको म्हणून. भरपाईवरची मिटिंग पुढच्या महिन्यात आहे, पशुवैद्यकीय डॉक्टरांनी आकडे तयार ठेवलेत, आणि वित्त खात्यातून कोण येणार त्याचं नाव मी अजून विचारतेय.